चालू घडामोडींचा अभ्यास : बातमी आणि बोध

आपल्याकडील कोणत्याही मोठ्या गावातील वाचनालयात सकाळी सात वाजता जावे. दार उघडण्यापूर्वीच वीस-पंचवीस तरुण-तरुणी पाठीला पिशव्या अडकवून बाहेर उभ्या असलेल्या दिसतील. दार उघडताच पहिली झडप पडते ती वर्तमानपत्रांवर. एखादे पेन्शनर गृहस्थ आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून निवांतपणे अंक चाळावा म्हणतात, तो अंक केव्हाच दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो; आणि तो दुसरा ग्रंथपालांची नजर चुकवून त्यावर पेन्सिलीने खुणाही करीत असतो. ही मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणारी. त्यांच्या वेळापत्रकात या वाचनाचे नाव ‘चालू घडामोडी’ असे असते.

या मुलांच्या आईवडिलांची आणि आमची गाठ पडते तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. ‘मुलगा रोज चार-चार तास पेपर वाचतो, महिन्याच्या महिन्याला निघणारी जाडजूड पुस्तके विकत आणतो, वह्यांवर वह्या भरतो, मग गुण का मिळत नाहीत?’ प्रश्न साधा आहे, पण त्यामागे घरातील पैसा आहे आणि तरुण वयातील उमेदीची वर्षे आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे असे आम्ही ठरविले.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा तीन पायऱ्यांची असते. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाची शंभर प्रश्नांची, दोनशे गुणांची एक पत्रिका असते आणि तिच्यावरच पुढील प्रवेश ठरतो. दुसऱ्या पत्रिकेत तेहतीस टक्के मिळाले म्हणजे पुरे. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण वजा होतात. मुख्य परीक्षेत निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार पत्रिका आणि ऐच्छिक विषयाच्या दोन, अशा सात पत्रिकांचे प्रत्येकी अडीचशे म्हणजे १७५० गुण. शिवाय दोन भाषा-पत्रिकांत केवळ उत्तीर्ण व्हावयाचे असते. मुलाखतीचे २७५ धरून एकूण २०२५ गुण होतात.

आता चाळण किती बारीक आहे तेही पाहा. २०२४ सालच्या परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. त्यांपैकी प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८४५ आणि शेवटी निवड झाली १,००९ जणांची. म्हणजे परीक्षेस बसलेल्या पावणेसहाशे जणांमागे सुमारे एक. हा आकडा आम्ही कोणास घाबरविण्यासाठी सांगत नाही. परंतु जी वाट इतकी अरुंद आहे, तिच्यावर चालताना पाठीवर निरुपयोगी ओझे घेऊ नये, एवढे त्यातून उमजावे.

ही परीक्षा मुळात आपली नव्हे. १८५४ साली मेकॉले यांच्या समितीने शिफारस केली आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुल्या स्पर्धेने सनदी नोकर निवडले जाऊ लागले. तेथे ग्रीक-लॅटिनला आणि गणिताला मोठा मान होता. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. हिंदुस्थानात परीक्षा घेण्यास सुरुवात झाली ती १९२२ साली, अलाहाबादेस. त्यापूर्वी, १९१८ साली, आपले चिंतामणराव देशमुख लंडनमध्ये या परीक्षेत पहिले आले होते. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. त्या काळी साम्राज्याला सुसंस्कृत कारभारी हवा होता. प्रजासत्ताकाला हवा आहे तो लोकांचे जीवन जाणणारा सेवक. कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून तीन पायऱ्यांची पद्धत आली, २०१३ पासून मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या चार पत्रिका झाल्या, आणि वर्तमान जगाचे भान हा परीक्षेचा कणाच होऊन बसला.

परंतु वर्तमानाचे भान म्हणजे बातम्यांचे पाठांतर नव्हे. सारी गफलत येथेच होते. अभ्यासक्रमात ‘राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घटना’ असे चार शब्द आहेत. त्यातील ‘महत्त्वाच्या’ हा शब्द बहुतेक मुले वाचतच नाहीत. कोणाची नेमणूक झाली, कोणास पारितोषिक मिळाले, कोणता दिवस कशासाठी पाळतात, याची यादी करण्यात त्यांचे दिवस जातात. यादी कधी पुरी होत नाही, आणि पुरी झाली तरी दुसऱ्या दिवशी ती शिळी होते.

मग वाचावे कसे? एक उदाहरण घेऊ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सर्वांनी ही बातमी आनंदाने वाचली. परीक्षार्थी मुलाने वहीत लिहिले : ‘मराठी : अभिजात : ३ ऑक्टोबर २०२४.’ येथे तो थांबला तर त्याच्या हाती फक्त तारीख आली. त्याने स्वतःस पुढील प्रश्न विचारावयास हवे होते.

पहिला प्रश्न : ही एकटी मराठीची गोष्ट आहे काय? नाही. त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांनाही तो दर्जा मिळाला. त्यापूर्वी तमिळ २००४ साली, संस्कृत २००५ साली, तेलुगू व कन्नड २००८ साली, मल्याळम २०१३ साली आणि ओडिया २०१४ साली अभिजात ठरल्या होत्या. सहाच्या अकरा झाल्या.

दुसरा प्रश्न : हा दर्जा कोण देतो आणि कशाच्या आधारे? संविधानात ‘अभिजात भाषा’ असा शब्द नाही. हा केंद्र सरकारचा निर्णय असतो आणि साहित्य अकादमीच्या आश्रयाखालील भाषातज्ज्ञांच्या समितीचे मत त्यात घेतले जाते. दीड ते दोन हजार वर्षांचे प्राचीन साहित्य, काव्याबरोबर गद्य व ज्ञानग्रंथ, शिलालेखांचा पुरावा, असे निकष आहेत. नाणेघाटातील सातवाहनांचा शिलालेख आणि ‘गाथासप्तशती’ यांना या चर्चेत महत्त्व का आले ते येथे कळते. आणि बातमी वाचता वाचता मूल प्राचीन इतिहासात जाऊन पोहोचते.

तिसरा प्रश्न : मग आठव्या अनुसूचीचे काय? तिच्यात आरंभी चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत. मराठी पहिल्यापासून आहे. पण पाली आणि प्राकृत त्या अनुसूचीत नाहीत, तरीही त्या अभिजात आहेत. उलट हिंदी अनुसूचीत आहे, पण अभिजातांच्या या अकरांत नाही. म्हणजे या दोन याद्या वेगळ्या, त्यांचा उगम वेगळा आणि हेतूही वेगळा. ‘सर्व अभिजात भाषा आठव्या अनुसूचीत आहेत’ असे विधान पुढे ठेवून ते बरोबर की चूक असे विचारले, तर तारीख पाठ करणारा मुलगा अडखळेल. हे तीन प्रश्न विचारणारा अडखळणार नाही.

दुसरे उदाहरण जुलै २०२५ मधील. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. अकरा किल्ले महाराष्ट्रातील आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. भारतातील हे चव्वेचाळिसावे वारसास्थळ. आता नकाशा समोर घ्या. साल्हेर उत्तरेला डोंगरात, प्रतापगड दाट रानात, पन्हाळा पठारावर, विजयदुर्ग किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग आणि खांदेरी समुद्रातील बेटांवर. भूगोल जसा बदलला तशी किल्ल्याची बांधणी बदलली, हे या यादीचे मर्म आहे. जिंजी इतक्या दूर का, याचे उत्तर इतिहास देतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ साली तो दक्षिणेच्या स्वारीत घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी तेथूनच मोगलांशी झुंज चालू ठेवली. या बारांपैकी रायगडासारखे आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली, तर राजगडासारखे चार राज्याच्या, हा झाला कारभाराचा भाग. एकाच बातमीत भूगोल, इतिहास आणि प्रशासन एकत्र येतात. मुख्य परीक्षेतील उत्तराला वजन येते ते या संगमाने.

तिसरे उदाहरण थोडक्यात. ‘रेपो दर बदलला’ अशी बातमी वरचेवर येते. दर किती, हे चार दिवसांनी जुने होते. जुने होत नाही ते असे : २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती आली, तीन सदस्य बँकेचे, तीन केंद्राने नेमलेले, समसमान मते पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक, आणि महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे, राखावी असे लक्ष्य त्या वर्षी ठरले. दर वाढला म्हणजे घरावरील कर्जाचा हप्ता का वाढतो, हे जो मुलगा आपल्या वडिलांना समजावून सांगू शकतो, त्याला ही बातमी समजली. जो सांगू शकत नाही, त्याने ती फक्त वाचली.

आता अभ्यासाची रीत. आमच्या परिचयातील एका मुलाने आपल्या वह्या आम्हांस दाखविल्या होत्या. अक्षर मोत्यासारखे, प्रत्येक पानावर तारीख आणि तारखेखाली त्या दिवसाच्या बातम्या. चौदा वह्या! आम्ही विचारले, ‘पाणीवाटपाच्या तंट्याविषयी काय काय टिपले आहेस, काढ पाहू.’ तो पंधरा मिनिटे पाने उलटीत राहिला. दोष त्याच्या श्रमाचा नव्हता, मांडणीचा होता. टिपणे तारखेवार नसावीत, विषयवार असावीत. संविधान, अर्थकारण, पर्यावरण, परराष्ट्र संबंध, विज्ञान, समाज असे अभ्यासक्रमातील मथळे घ्यावे आणि प्रत्येकाखाली सुटी पाने ठेवावी. नवी बातमी आली की तिचे पान शोधावे, जुन्या टिपणाशेजारी दोन ओळी घालाव्या. असे केले म्हणजे वर्षाच्या शेवटी एकेका प्रश्नाचा सलग इतिहास आपोआप हाती येतो.

वर्तमानपत्र एकच, फार तर दोन घ्यावी. एक मराठी, एक इंग्रजी. मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात, परंतु पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीतच असते. शिवाय एकाच संकल्पनेला एक पत्र ‘राजकोषीय तूट’ म्हणते, दुसरे ‘वित्तीय तूट’. म्हणून दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्या. वाचनास तास-दीड तास पुरेसा आहे. कोणत्या पुढाऱ्याने कोणास काय टोला लगावला, हे सोडून द्यावे. विधेयक, न्यायालयाचा निकाल, अहवाल, करार, योजना दिसली की थांबावे. शक्य तेथे मुळाकडे जावे. अर्थसंकल्पापूर्वी मांडली जाणारी आर्थिक पाहणी, सरकारी प्रसिद्धिपत्रके, निकालाचा सारांश हे सारे आज घरबसल्या फुकट मिळते. आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उशाशी ठेवाव्या. आयोग काय विचारतो हे आयोगाइतके दुसरे कोणीच चांगले सांगू शकत नाही.

मासिक संकलनांची जाड पुस्तके अगदी टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. उजळणीस ती उपयोगी पडतात. पण दुसऱ्याने चावून दिलेल्या घासाने पोट भरत नाही. कोणती बातमी घ्यावी आणि कोणती सोडावी, हा विवेक स्वतः करावयाचा असतो, आणि अधिकाऱ्याच्या अंगी नेमका तोच गुण हवा असतो. मुलाखतीत तर मंडळ उमेदवाराच्या जिल्ह्याविषयीही विचारते. दूरदेशीच्या परिषदांची नावे पाठ असणाऱ्यास आपल्या तालुक्यात टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतात हे ठाऊक नसावे, याला ज्ञान म्हणता येणार नाही.

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारास बत्तीस वर्षे वयापर्यंत सहा संधी मिळतात. त्या सहाही संधी घेतल्याच पाहिजेत असा नियम नाही. किती वर्षे द्यावयाची आणि दुसरा मार्ग कोणता, हे मुलाशी आरंभीच मोकळेपणाने बोलावे. निवड न झालेल्यांचा आकडा लाखांत आहे. ती सारी मुले नालायक आहेत असे कोण म्हणेल? त्यांनी केवळ याद्या पाठ केल्या असतील, तर परीक्षेबरोबर त्यांची वर्षेही वाया गेली. पण घटनेचा अर्थ लावावयास, आकडा पडताळून पाहावयास, दोन बाजू ऐकून मत बनवावयास ती शिकली असतील, तर ती उद्या ग्रामसभेत, वर्तमानपत्राच्या कचेरीत, शाळेत, बँकेत, शेतावर कोठेही असोत, शिकलेले त्यांच्याजवळच राहील.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे. आपल्याभोवती काय चालले आहे ते सामान्य नागरिकास कळावे, एवढ्यासाठी. म्हणून आमची विनंती अशी की, घरातील परीक्षार्थी मुलाने आज काय वाचले हे रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्याला विचारावे आणि ‘म्हणजे काय?’ व ‘असे का?’ हे दोन प्रश्न पुढे टाकावे. त्याची उजळणी होईल, आणि देशाच्या कारभाराची चर्चा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येईल.