एका माळेचे मणी : इंग्रजी वाक्यातील समांतर रचना

नोकरीसाठी स्पर्धा-परीक्षेची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी आज पुष्कळ घरांत आहे. गणिताची उदाहरणे सरावाने सुटू लागतात, सामान्य ज्ञान वर्तमानपत्रातून मिळते. परंतु इंग्रजीच्या प्रश्नांपाशी आले, की मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांचा धीर खचतो. वाक्यातील चूक ओळखा, अधोरेखित भाग सुधारा, रिकामी जागा भरा, असे हे प्रश्न असतात. सर्व चूक-प्रकारांवर एकाच लेखात उपाय सांगणे शक्य नाही. त्यांतील एक प्रकार मात्र असा आहे, की तो शिकण्यास फार मोठा शब्दसंग्रह लागत नाही. लागते ती केवळ सावध नजर. या प्रकाराला समांतर रचना असे म्हणतात.

प्रथम प्रश्नाचे मोल पाहू. कर्मचारी निवड आयोगाच्या २०२४ सालच्या संयुक्त पदवीधर स्तर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न होते व त्यांसाठी ६० मिनिटे होती. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ३६ सेकंद आले. त्यांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. बरोबर उत्तराला २ गुण मिळत, तर चुकीच्या उत्तरासाठी अर्धा गुण वजा होई. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने पदरी पडतो जेमतेम एक अष्टमांश गुण. परंतु दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले, तर हीच सरासरी पाऊण गुणावर जाते. समांतर रचनेचे ज्ञान नेमके हेच काम करते.

समांतर रचना म्हणजे काय? वाक्यात दोन किंवा अधिक गोष्टी समान नात्याने जोडलेल्या असतील, तर त्यांची व्याकरणातील जातही समान असावी. नामाशेजारी नाम, विशेषणाशेजारी विशेषण, क्रियारूपाशेजारी तसेच क्रियारूप. भारताच्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका आठवून पाहा. तेथे जस्टिस, लिबर्टी, इक्वॅलिटी आणि फ्रॅटर्निटी ही चारही पदे नामे आहेत. त्यांतील एका जागी ‘टू बी इक्वल’ असे घातले असते, तर अर्थ कळला असता. परंतु वाक्याचा तोल गेला असता. आपल्या म्हणींनाही हा तोल चांगला ठाऊक आहे. ‘खायला काळ नि भुईला भार’ या म्हणीचे दोन्ही भाग किती सारख्या मापाचे आहेत!

मग मराठी मुलगा इंग्रजीत येथेच का अडखळतो? याची कारणे त्याच्या बुद्धीत नसून दोन भाषांच्या घडणीत आहेत. त्यांतील तीन मुख्य कारणे वाचकांपुढे ठेवतो.

पहिले कारण क्रियारूपाचे. ‘तिला वाचणे, पोहणे आणि स्वयंपाक करणे आवडते’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘णे’ हा एकच प्रत्यय सर्व काम करतो. इंग्रजीत मात्र ‘पोहणे’ याला ‘स्विमिंग’ आणि ‘टू स्विम’ अशी दोन रूपे आहेत. म्हणून ‘शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टू कुक’ हे सदोष वाक्य मनात मराठीत उतरवून घेतले, की निर्दोष वाटू लागते. शुद्ध वाक्य असे : ‘शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड कुकिंग’. तिन्ही ठिकाणी ‘टू’चे रूप घेतले तरीही चालेल, परंतु मिश्रण चालणार नाही.

दुसरे कारण तुलनेचे. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली आहे’ असे आपण सहज म्हणतो आणि ते कोणालाही खटकत नाही. याचे शब्दशः इंग्रजी केले, तर ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई’ असे होते. येथे एका बाजूस हवा आणि दुसऱ्या बाजूस अख्खे शहर अशी विजोड तुलना झाली. इंग्रजी व्याकरण हवेशेजारी हवाच मागते : ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन दॅट ऑफ मुंबई’. हा ‘दॅट ऑफ’ गळाला आहे काय, हे पाहणारे प्रश्न परीक्षकांच्या विशेष आवडीचे असतात. तुलना अनेकवचनी नामाची असेल, तर तेथे ‘दोज ऑफ’ हवे, हेही लक्षात ठेवावे.

तिसरे कारण जोडअव्ययांच्या जागेचे. ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’, ‘आयदर’ आणि ‘ऑर’, ‘नायदर’ आणि ‘नॉर’, ‘बोथ’ आणि ‘अँड’ या जोड्या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या आहेत. पहिल्या शब्दानंतर जे येईल, त्याच जातीचे दुसऱ्यानंतरही यावे. ‘ही नॉट ओन्ली नोज मराठी बट ऑल्सो हिंदी’ या वाक्यात एका पारड्यात क्रियापद पडले आणि दुसऱ्यात नुसते नाम. ‘ही नोज नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो हिंदी’ असे म्हटले, की दोन्ही पारडी सम होतात. ‘नोज’ हे क्रियापद दोहोंना सामाईक असल्यामुळे ते तराजूच्या बाहेर राहिले, एवढेच.

आता सोडवण्याची रीत पाहू. ती तीन पायऱ्यांची आहे. प्रथम ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’, ‘दॅन’ किंवा वरील जोड्यांपैकी एखादी वाक्यात आहे काय, ते शोधावे. नंतर त्या शब्दाने कोणकोणते घटक जोडले आहेत, ते बोटाने दाखवावेत. शेवटी वाक्याचा सामाईक आरंभ घेऊन प्रत्येक घटक त्याला स्वतंत्रपणे जोडून वाचावा. समजा, प्रश्न असा आहे : ‘द मॅनेजर आस्क्ड द क्लार्क्स टू चेक द बिल्स, टू एंटर द अमाउंट्स अँड ...’. पर्याय आहेत : ‘साइनिंग द रजिस्टर’, ‘दॅट दे साइन द रजिस्टर’, ‘टू साइन द रजिस्टर’ आणि ‘द साइनिंग ऑफ द रजिस्टर’. ‘आस्क्ड द क्लार्क्स’ हा सामाईक आरंभ. त्याला आधीचे दोन घटक ‘टू’ने जोडले आहेत, म्हणून तिसराही ‘टू’नेच यावा. इतर तीन पर्यायांचा अर्थ उलगडत बसण्याचे कारणच उरत नाही, आणि ३६ सेकंदांपैकी बरेचसे हाती शिल्लक राहतात.

तथापि नियम हाती आला, की तो जेथे तेथे लावण्याचा मोह होतो. म्हणून दोन इशारे देणे अगत्याचे आहे. ‘वॉकिंग टू द स्टेशन, ही मेट हिज टीचर अँड आस्क्ड अबाउट द रिझल्ट’ हे वाक्य निर्दोष आहे. येथे ‘अँड’ने ‘मेट’ आणि ‘आस्क्ड’ यांनाच जोडले आहे. ‘वॉकिंग’ त्या माळेतील मणी नव्हे. तसेच ‘ही वॉज बॉर्न इन नागपूर, स्टडीड इन पुणे अँड नाउ वर्क्स इन दिल्ली’ हेही वाक्य शुद्ध आहे. घटना वेगवेगळ्या काळांतील असल्यामुळे काळ बदलला. परंतु तिन्ही घटक त्याच कर्त्याची क्रियापदेच आहेत. समांतर रचना जातीची एकता मागते, काळाची मागत नाही.

परदेशांतील काही परीक्षांनी असे प्रश्न आता सोडून दिले आहेत. १९६४ साली सुरू झालेल्या टोफेल परीक्षेच्या २००५ सालच्या इंटरनेट स्वरूपातून रचनेचा स्वतंत्र विभाग गेला. २०२३ अखेर आलेल्या नव्या जीमॅटमध्ये वाक्य-सुधारणेचे प्रश्न राहिले नाहीत. आपल्या देशातील नोकरभरतीच्या परीक्षांत मात्र वाक्यातील चूक ओळखण्याचे व ती सुधारण्याचे प्रश्न अजून ठाण मांडून आहेत. म्हणून आपल्या मुलांना हा अभ्यास टाळता येणार नाही.

आणि तो टाळूही नये. उद्या हीच मुले कचेरीत टिपणी लिहितील, बँकेत पत्राचा मसुदा करतील, न्यायालयात अर्ज सादर करतील. तेथे चार पर्याय कोणी देणार नाही. तेव्हा घरातील वडील मंडळींना एक सुचवावेसे वाटते. आपणांस इंग्रजी येत नसले, तरी मुलाला रोज दहा वाक्ये मोठ्याने वाचावयास सांगावे आणि प्रत्येक वाक्यानंतर एवढेच विचारावे : ‘यात कोणाची कोणाशी जोडी आहे, आणि ती सारखी आहे का?’ उत्तर तपासता आले नाही तरी चिंता नाही. रोज असे उत्तर द्यावे लागले, की जोडी शोधण्याची सवय त्याच्या नजरेला जडेल, आणि परीक्षेच्या दालनात ती त्याच्या कामी येईल.