अणूंची नक्षी

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणे, चांदीच्या दागिन्यावर सोन्याचा मुलामा चढवणे, या कला फार जुन्या आहेत. एका पदार्थावर दुसऱ्याचा पातळ थर बसवला, की मूळ वस्तूला नवे गुण येतात, हे त्यांतील मर्म होय. आधुनिक विज्ञान हेच काम अतिशय सूक्ष्मतेने करते. दुर्बिणीचा आरसा, चष्म्याची काच, संगणकाची चिप यांवर चढवलेले थर माणसाच्या केसाहून शेकडो पटींनी पातळ असतात.

असा थर चढवण्याची एक रीत पुढीलप्रमाणे आहे. हवा काढून घेतलेल्या पेटीत धातू इतका तापवतात, की त्याची वाफ होते. त्या वाफेतील अणू समोरच्या गुळगुळीत पृष्ठावर येऊन पडतात. सोन्याचे सुमारे ३५ लाख अणू एकाला एक लागून ओळीत मांडावे, तेव्हा कोठे एक मिलिमीटर लांबी भरते. इतके लहान अणू अंगणातल्या सड्याप्रमाणे सर्वत्र सारखे पसरतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे नेहमीच घडत नाही.

अणू पडतो तेथेच स्थिर राहत नाही. वाट चुकलेल्या मुंगीप्रमाणे तो इकडून तिकडे भटकतो. वाटेत दुसरा अणू भेटला, की दोघे एकमेकांस बिलगतात. अशा काही अणूंचे एक इवलेसे बेट तयार होते आणि मागून येणारे अणू त्याच्या काठाला चिकटतात. योगायोगाने काठाचा एखादा भाग किंचित पुढे आला, तर भटक्या अणूची गाठ प्रथम त्याच्याशीच पडते आणि ते टोक आणखी पुढे सरकते. कीर्तनाला उशिरा आलेली माणसे दाराशीच बसली, म्हणजे मंडपातली आतली जागा रिकामी राहते. खाचांचेही तसेच होते. टोके वाढत जातात, खाचा उपाशी राहतात, आणि टोकांना पुन्हा नवी टोके फुटतात. अखेर पाने गळून गेलेल्या वृक्षासारखी आकृती तयार होते. तिची एखादी फांदी मोठी करून पाहिली, तर तीही एका वृक्षासारखीच दिसते! अशा आकृतींना बेनवा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले.

१९८१ साली विटन आणि सँडर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी हाच खेळ संगणकावर मांडला. मध्यभागी एक कण ठेवायचा, दुरून एकेक कण सोडायचा आणि भटकत येऊन तो जेथे प्रथम टेकेल तेथेच त्याला कायमचा चिकटवायचा, एवढाच नियम. तेवढ्यानेही वृक्षाकृती उमटली. भरीव चकतीची त्रिज्या दुप्पट केली, तर तिच्यातील कण चौपट होतात. या आकृतीत मात्र ते सुमारे सव्वातीन पटच होतात. म्हणजे आकृती जितकी मोठी, तितकी ती विरळ.

खरे अणू या नियमाने चालतात काय? अतिशय तीक्ष्ण सुई पृष्ठाच्या अगदी जवळून फिरवून अणूंचा नकाशा काढणारे सूक्ष्मदर्शक यंत्र बिनिग व रोरर यांनी निर्माण केले. त्याबद्दल त्यांना १९८६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अशा यंत्राने रुथेनियम धातूवर साचणाऱ्या सोन्याचे निरीक्षण करण्यात आले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात एकाच अणूइतकी उंची असलेली फांद्यांची बेटे दिसली आणि त्यांचे माप संगणकाच्या आकृतीशी जवळजवळ तंतोतंत जुळले. फांद्या मात्र अधिक रुंद होत्या, कारण खरा अणू चिकटल्यावरही काठाने थोडासा सरकतो.

या सरकण्यातच नक्षीची किल्ली आहे. प्लॅटिनमच्या थंड पृष्ठावर प्लॅटिनमचेच अणू टाकले, तर फांद्या फुटतात. पृष्ठ पुरेसे तापवले, तर अणूंना काठाने फिरून सोयीची जागा शोधता येते आणि रेखीव, त्रिकोणी बेटे तयार होतात. अणू तेच, पृष्ठ तेच. भेद केवळ उष्णतेचा.

हा भेद जाणणे व्यवहारातही मोलाचे आहे. थरात फटी राहिल्या, तर विजेचा मार्ग खंडित होतो. पृष्ठ खडबडीत झाले, तर आरशातील प्रतिमा बिघडते. म्हणून थर चढवणारा कारागीर पृष्ठाची उष्णता आणि अणू येण्याचा वेग यांवर सतत लक्ष ठेवतो. अणूंना तो हाताने मांडू शकत नाही. आपली जागा शोधण्यास त्यांना पुरेशी सवड देणे, एवढे मात्र त्याच्या हाती असते.