मामाची मुलगी आणि चौसष्टातला एक

बारामती-इंदापूरकडे मामाच्या मुलीशी लग्न ही नवलाची गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या या रीतीची चर्चा इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात केली आहे. आनुवंशिकतेच्या दृष्टीने या नात्यात काय घडते?

बीटा थॅलसेमियाचे उदाहरण घेऊ. या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. एकच प्रत सदोष असेल तर माणूस सहसा धडधाकट असतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही सदोष असल्या, तर तीव्र आजारात मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

समजा, घरात फक्त आजोबा वाहक आहेत. ती प्रत मामाकडे येण्याची शक्यता १/२, मामाच्या मुलीकडे १/४. आईमार्फत भाच्याकडेही १/४. दोघेही वाहक असण्याची शक्यता १/१६ आणि त्यांच्या मुलाला आजार होण्याची १/६४. पण दोघेही वाहक असल्याचे कळले, तर प्रत्येक खेपेस ती १/४ असते. ‘पहिले आजारी, आता दुसरे निरोगीच’ हा हिशेब चुकीचा. नात्याबाहेर लग्न केल्याने धोका घटतो, संपत नाही. भारतात शंभरात तीन-चार जण वाहक आहेत.

असे मूल जन्मले की सुनेला बोल लावतात. खरे तर एकेक सदोष प्रत दोघांकडूनही आलेली असते. म्हणून वंशावळीत माहेरची माणसे आणि लहानपणी दगावलेली भावंडेही मांडावीत. वर्गात मात्र काल्पनिक कुटुंबच घ्यावे. खरी वंशावळ घरीच राहू द्यावी. वाहक कोण, हे रक्ततपासणीने लग्नाआधीही कळते.