पाठीशी टाळकरी असताना

१०२२ मधून १३ वजा करा. आले १००९. त्यातून पुन्हा १३, आले ९९६. पुन्हा १३, आले ९८३. घरी चहा पिता पिता हे कुणालाही जमेल. आता समोर पांढरे कोट घातलेले परीक्षक बसवा, एक कॅमेरा चालू ठेवा आणि हे गणित सुरू होण्याआधी त्याच परीक्षकांपुढे पाच मिनिटं भाषण करून तुम्ही घामाघूम झाला आहात असं धरा. आकडा चुकला की थंड आवाजात सांगितलं जातं, चुकलं, १०२२ पासून पुन्हा. भाषणात अडखळून गप्प झालात तर एवढंच ऐकू येतं की अजून वेळ आहे, बोला. कुणी हसत नाही, कुणाची मान हलत नाही.

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर या तिघांनी १९९३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. माणसाच्या अंगात ताण हुकमी कसा निर्माण करायचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला विजेचे झटके लागले नाहीत की साप-विंचू लागले नाहीत. टेबलामागची काही मख्ख माणसं पुरली. ताणाच्या वेळी आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, आणि ते लाळेतही मोजता येतं. या खोलीतून बाहेर पडणाऱ्यांचं कॉर्टिसॉल दुप्पट ते चौपट झालेलं आढळलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ताण हवा असला की हीच खोली उभी करतात.

खरी गंमत वीस वर्षांनी झाली. २०१३ साली जर्मनीतल्याच बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रयोगाची प्रेमळ आवृत्ती करून पाहिली. इथेही अनोळखी माणसांसमोर उभं राहून बोलायचं होतंच, फक्त समोरची माणसं हसत होती, माना डोलवत होती, आपुलकीनं ऐकत होती. कॉर्टिसॉल वाढलंच नाही! म्हणजे ज्याला आपण 'बोलायची भीती' म्हणतो, तिच्यात बोलण्याचा वाटा वाटतो त्याहून बराच कमी आणि समोरच्या चेहऱ्यांचा बराच जास्त.

त्याआधी २००४ साली डिकरसन आणि केमेनी या दोघींनी अशा २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. कॉर्टिसॉल सगळ्यात जोरात कधी उसळतं? दोन गोष्टी एकत्र आल्या की. एक, आपल्याला कुणीतरी जोखतंय. दोन, परिस्थिती आपल्या हातात नाही. भाषण विसरलेल्या माणसाला याहून नेमकं वर्णन सापडायचं नाही.

हे वाचताना मला ट्रियर आठवत नाही, आपल्या शाळा आठवतात. १ ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती. अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, इथपर्यंत गाडी सुसाट, आणि पुढचं वाक्य गायब. बाजूला परीक्षक कागदावर गुण मांडतायत, घंटेवर कुणाचा तरी हात आहे, आणि भाषण वडिलांनी किंवा गुरुजींनी लिहून दिलेलं, म्हणजे तेही आपल्या हातात नाही. ट्रियरच्या शास्त्रज्ञांना जे मुद्दाम घडवावं लागलं, ते आपण दरवर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या नावाखाली हौसेनं करतो. त्यातून काही पोरं तरतात आणि पुढे सभा गाजवतात, हे खरं. बाकीची जन्मभर माईकपासून चार हात लांब राहतात, त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता ट्रियरहून मोडनिंबला येऊ. माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव बऱ्याच जणांना लोकनाट्य कलाकेंद्रांमुळे ठाऊक असतं. पण याच मुलखात लोकांपुढे उभं राहण्याची आणखी एक शाळा आहे. कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून जाणारा रेल्वेचा फाटा पंढरपूरला पोहोचतो, आणि शेजारीच अरण आहे, सावता माळ्यांचं गाव. बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, इथे मात्र पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी सावतोबांच्या भेटीला येते. सावता महाराज मळा सोडून कुठे गेले नाहीत आणि त्यांच्या तोंडचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, असं परंपरा सांगते. बोलणारा एक, मन लावून ऐकणारा एक. वक्त्यांच्या मंडळाला सुरुवातीला याहून जास्त सभासद कशाला हवेत?

या पट्ट्यात अखंड हरिनाम सप्ताह बसला की दिवसाचा क्रम ठरलेला असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. रात्रीच्या कीर्तनाला मांडवात कोण कुठे उभं आहे ते पाहावं. श्रोते समोर, जमिनीवर. मध्ये नारदाच्या गादीवर कीर्तनकार. त्याच्या बाजूला मृदंगमणी आणि गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. आणि पाठीमागे, अर्धवर्तुळात, टाळकऱ्यांची रांग.

ती रांग नीट बघण्यासारखी असते. शहरातल्या व्यासपीठावर वक्त्याच्या पाठीमागे फलक असतो, पाहुणे असतात, फार तर फुलदाणी. इथे माणसं असतात, आणि ती बोलणाऱ्याच्या बाजूची असतात. कीर्तनकारानं एखाद्या ओवीचं प्रमाण, म्हणजे दाखल्याचं वचन, घेतलं, पहिले दोन शब्द उच्चारले, की उरलेला चरण मागून आपोआप येतो. शब्द आठवला नाही तरी श्रोत्यांना पत्ता लागत नाही, कारण तो टाळकऱ्यानं उचललेला असतो. दम लागला, विचार विस्कटला, तर गवई चाल धरतो, मृदंग चढतो, टाळ त्यावर येतात आणि कीर्तनकाराला घोटभर पाणी प्यायला, पुढचा दृष्टांत जुळवायला सवड मिळते. सभेत वक्ता अडला की तोंडातून 'अं… अं…' निघतं. इथे 'विठ्ठल विठ्ठल' निघतं, आणि आख्खा मांडव ते उचलून धरतो. अडखळणं झाकायची इतकी देखणी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

डिकरसन-केमेनींच्या दोन गोष्टी इथे लावून पाहा. परिस्थिती हाताबाहेर जायची शक्यता टाळकऱ्यांनी आधीच कमी केलेली असते. आणि जोखणं? कीर्तन रंगण्याआधी आणि आटोपल्यावर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वयानं मोठा असो की लहान, समोरचा 'माऊली' असतो. ज्याच्या पायांवर आपण डोकं ठेवलं, तो आपल्याला गुण द्यायला बसलाय असं शरीराला वाटणं अवघडच. श्रोते चिकित्सक नसतात असं मात्र कुणी समजू नये. चुकीचं प्रमाण सांगणाऱ्या बुवांचं दुसऱ्या दिवशी पारावर काय होतं, ते गावाला माहीत असतं. पण ते दुसऱ्या दिवशी.

कीर्तनकार एकदम गादीवर चढत नाही, हेही महत्त्वाचं. पोरगं आधी हरिपाठात टाळ धरायला शिकतं. मग मोठ्यांच्या रांगेत टोकाला उभं राहतं. कधीतरी एखादी चाल त्याच्या वाट्याला येते. मग दुपारचं प्रवचन, आणि पुढे केव्हातरी कीर्तन. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण पुढे गावोगाव उभे राहिले, पण त्यांच्याही आधीची पायरी गावातल्या टाळांची असते.

या पायऱ्यांमागचं कारण चक्क झुरळांनी सिद्ध करून ठेवलंय. रॉबर्ट झायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली झुरळांना उजेडापासून पळायला लावलं आणि बाजूला पारदर्शक डब्यांत इतर झुरळं प्रेक्षक म्हणून बसवली. रस्ता सरळ असला की प्रेक्षकांपुढे झुरळं जास्त वेगानं पळाली. रस्ता वळणाचा असला की तीच झुरळं प्रेक्षकांपुढे जास्त रेंगाळली. म्हणजे अंगवळणी पडलेलं काम चारचौघांत खुलतं आणि नवखं काम चारचौघांत बिघडतं. हरिपाठ तोंडपाठ असतो. पोरगं लोकांपुढे पहिल्यांदा उभं राहतं ते सरळ रस्त्यावर, तेही वीस जणांच्या सुरात आपला सूर मिसळून. वळणं पुढे येतात. शाळेत आपण नेमकं उलटं करतो.

हा मांडव सगळ्यांसाठी सारखाच खुला राहिला असं मात्र नाही. जनाबाई, बहिणाबाईंचे अभंग प्रमाण म्हणून पिढ्यानपिढ्या घेतले गेले, पण गादीवर उभी राहिलेली बाई दिसायला बराच काळ जावा लागला. आता महिला कीर्तनकार दिसतात, टाळ घेतलेल्या मुली दिसतात, आणि ते फार बरं झालं.

इकडे पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिनं महाराष्ट्राला ऐकायची सवय लावली, मात्र तिथे बोलायला उभा राहणारा आधीच तयारीचा असे. नवशिक्यांचा विचार अमेरिकेत राल्फ स्मेडली या गृहस्थानं केला. कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात, २२ ऑक्टोबर १९२४ रोजी टोस्टमास्टर्स या वक्त्यांच्या मंडळाची पहिली बैठक भरली. आज पुण्या-मुंबईत त्यांचे क्लब आहेत. तिथे वेळ दाखवायला हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात, 'अं… अं…' मोजायला एक माणूस असतो आणि भाषणावर अभिप्राय द्यायला एक. वरवर पाहता ही ट्रियरचीच खोली. पण ही कामं फिरती असतात. आज अभिप्राय देणारा पुढच्या बैठकीत स्वतः पाय लटपटत उभा असतो, आणि आजचा वक्ता त्याच्यापुढे घड्याळ धरून बसलेला असतो. टाळकऱ्यांच्या रांगेतही उद्याचे कीर्तनकार असतातच. ज्याला उद्या स्वतः उभं राहायचंय, तो आज मान डोलवायला कंजुषी करत नाही.

झुरिकमध्ये २००३ साली ट्रियरच्याच प्रयोगाला काही पुरुषांना जिवलग मित्र सोबत आणायला सांगितलं. मित्रानं फक्त तयारीच्या वेळी धीर द्यायचा, परीक्षकांपुढे जायचं नाही. तरी त्यांचं कॉर्टिसॉल एकट्यानं आलेल्यांपेक्षा कमी चढलं. टाळकरी तर शेवटपर्यंत पाठीशी उभे असतात.

आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं? २०१० साली प्रिन्स्टन विद्यापीठात एका स्त्रीनं एमआरआय यंत्रात पडून आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली. नंतर ती ध्वनिमुद्रित गोष्ट इतरांना त्याच यंत्रात ऐकवली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल सांगणारीच्या मेंदूमागोमाग, किंचित उशिरानं, तशीच उमटत गेली. न कळणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा हा मेळ उरला नाही. पण सगळ्यात चकित करणारी बाब अशी की मेंदूच्या काही भागांत ऐकणारे मागे नव्हते, पुढे होते. पुढचं येण्याआधीच ते तिथे पोहोचलेले होते, आणि ज्यांच्यात हे जास्त होतं त्यांना गोष्ट अधिक नीट समजली होती. मोडनिंबच्या आसपासच्या कुठल्याही सप्ताहात कीर्तनकार प्रमाणाचा पहिला शब्द घेतो आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाई त्याच्याआधी चरण पुरा करतात.