बोलेल गं, मुलगे उशिराच बोलतात!

मुलगी सुट्टीत घरी आली की रात्री मोबाइलवर मालिका बघत बसते. परवा भांडी आवरून मीही तिच्याशेजारी टेकले. ‘द गुड डॉक्टर’ नावाची अमेरिकन मालिका. त्यातला शॉन मर्फी हा तरुण सर्जन स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. नजरेला नजर देत नाही, मनात येईल ते तोंडावर बोलतो. पण स्मरणशक्ती अफाट! त्याला नोकरी द्यावी की नाही यावर रुग्णालयातले मोठे डॉक्टर भांडत असतात आणि इकडे हा विमानतळावर काचेने जखमी झालेल्या मुलाचा जीव वाचवतो. मूळ मालिका कोरियातली, २०१३ सालची. अमेरिकेत ती २०१७ ते २०२४ अशी सात वर्षं चालली.

“आई, रडतेस काय?” मुलीने विचारलं. मला आठवत होता आमच्या सुरगाण्याजवळच्या पाड्यावरचा एक मुलगा.

बचत गटाच्या बैठकीला त्याची आई त्याला घेऊन यायची. अडीच वर्षांचा, पण तोंडातून शब्द नाही. हाक मारली तरी वळायचा नाही. बाटल्यांची झाकणं ओळीत मांडत बसायचा. ओळ मोडली की आकांत. “ताई, याला ऐकू येत नसेल का?” ती विचारायची. आणि मी, बीए झालेली, चारजणींना शहाणपण सांगणारी, म्हणाले, “बोलेल गं, मुलगे उशिराच बोलतात.”

घरच्यांनी भगताकडे नेलं. सासू म्हणाली, आईचंच लक्ष नाही. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं, तेव्हा तो पाच वर्षांचा झाला होता. ती मधली अडीच वर्षं मला अजून टोचतात.

आईची माया कमी पडली म्हणून मूल असं होतं, असं एके काळी अमेरिकेतले डॉक्टरही म्हणत. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. मेंदूची वाढच वेगळ्या तऱ्हेने होते. ही बाहेरची बाधा नाही, लसीने होत नाही, आणि आईचा दोष तर मुळीच नाही.

मैत्रिणींनो, वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. आशाताईंना सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. गोळीने हे जात नाही, पण लवकर शिकवायला घेतलं तर बोलणं, स्वतःचं आवरणं यात खूप मदत होते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नताही धरली आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

मालिकेबद्दल एक तक्रार मात्र आहे. सगळीच स्वमग्न मुलं शॉनसारखी अचाट बुद्धीची नसतात. ती तशी असावीत तरी का? शॉन टिकला तो डॉ. ग्लासमन त्याच्यासाठी आपलं पद पणाला लावून उभे राहिले म्हणून. असं एक माणूस प्रत्येक मुलाला हवं.

आमचा मुलगा आता शाळेत जातो. मोजकेच शब्द बोलतो. बैठकीला आला की दाराबाहेरच्या चपला जोडीजोडीने ओळीत लावतो. आता ती ओळ कुणी मोडत नाही. निघताना आम्ही आपापली चप्पल त्याला विचारून घेतो.