मच्छीमारांचा अनुभव जागतिक धोरणात कसा उतरला? चेन्नईतील संस्थेचा धडा

चेन्नई : एकाच व्यवसायातील माणसे आपले अनुभव नियमितपणे एकमेकांना सांगतात आणि त्यातून सामायिक ज्ञान घडवतात, तेव्हा ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हणजेच व्यावसायिक ज्ञानसमूह उभा राहतो. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये ही संकल्पना मांडली. विकासक्षेत्रात असे अनेक समूह स्थापन होतात आणि काही बैठकांनंतर विरून जातात. चेन्नईत कार्यालय असलेली ‘इंटरनॅशनल कलेक्टिव्ह इन सपोर्ट ऑफ फिशवर्कर्स’ (आयसीएसएफ) ही संस्था मात्र जवळपास चार दशके टिकून आहे.

तिचे मूळ १९८४ मधील रोममध्ये आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने तेथे मत्स्यव्यवसायावर जागतिक परिषद भरवली होती. त्याच वेळी मच्छीमार आणि त्यांच्या समर्थकांनी आपली समांतर परिषद घेतली. त्या विचारमंथनातून १९८६ मध्ये त्रिवेंद्रम येथे आयसीएसएफची स्थापना झाली.

नोंदींचे बळ

केवळ भेटीगाठींवर समूह टिकत नाही. त्याला लिखित स्मृती लागते. संस्थेचे ‘समुद्र रिपोर्ट’ हे नियतकालिक इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत निघते. मासेमारीतील स्त्रियांच्या प्रश्नांना ‘येमाया’ हे स्वतंत्र वार्तापत्र वाहिलेले आहे. त्यामुळे एका किनाऱ्यावरील अनुभव दुसऱ्या किनाऱ्यावरील माणसाच्या उपयोगी पडतो.

किनाऱ्यापासून धोरणापर्यंत

लघु मत्स्यव्यवसायासाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे तयार करताना १२० हून अधिक देशांतील ४,००० पेक्षा जास्त प्रतिनिधींशी विचारविनिमय झाला. आयसीएसएफच्या कार्यकारी सचिव चंद्रिका शर्मा यांचा त्यात मोलाचा वाटा होता. ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या ‘एमएच ३७०’ विमानात त्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये अन्न आणि कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने ही तत्त्वे संमत केली आणि ती शर्मा यांना अर्पण केली. समूहाचे काम एका व्यक्तीच्या जाण्याने थांबले नाही, ही त्याच्या बळकटीची सर्वांत कठोर कसोटी होती.

पुढील आव्हान

ही तत्त्वे कायद्याने बंधनकारक नाहीत. भारतात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते. त्यामुळे जलक्षेत्र व जमिनीवरील हक्क आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे स्थान यांविषयीच्या तरतुदी प्रत्यक्षात आणण्याचा मोठा भार तमिळनाडू किंवा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर पडतो. मुंबईच्या कोळीवाड्यांतील जागेचा आणि मासळी बाजाराचा प्रश्न याच चौकटीत बसतो.

ज्यांच्या हाती कसब आहे त्यांना ज्ञाननिर्मितीत बरोबरीचे स्थान, अनुभवांची अखंड नोंद आणि निर्णयकर्त्यांपर्यंत पोहोचणारी वाट, या तीन गोष्टी असतील तरच असा समूह बैठकीपुरता न उरता फलदायी ठरतो.