तापातली आकडी आणि तिच्यावरचे औषध

लहान मुलाला सपाटून ताप चढतो, डोळे फिरतात, हातपाय ताठ होऊन झटके येऊ लागतात. घरातली माणसे घाबरून कांदा हुंगवतात, दातांमध्ये चमचा घालतात. ही तापातली आकडी. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना ती येते. ती येते तरी कशी?

मेंदूतील प्रत्येक चेतापेशी म्हणजे एक चिमुकला विद्युत्‌घटच! विश्रांतीच्या वेळी पेशीच्या आतील विभव बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. सोडियमचे धनभारित आयन आत शिरले, की हा फरक नाहीसा होतो आणि संदेश पुढे धावतो. असंख्य पेशी एकदमच असे संदेश सोडू लागल्या, म्हणजे आकडी येते. जंतुसंसर्गाने दाह सुरू झाला, की शरीराच्या संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ सारखी द्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे ताप चढतो, शिवाय चेतापेशीही अधिक उत्तेजित होतात. वाढत्या वयातला कोवळा मेंदू याला चटकन बळी पडतो.

फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून अपस्मारावर वापरले जात आहे. त्याच्यामुळे क्लोराइडचे ऋणभारित आयन पेशीत अधिक शिरतात आणि पेशी शांत राहते. मग तापात आकडी येणाऱ्या मुलांना ते रोजच का देऊ नये? कित्येक वर्षे तसे दिलेही जात असे. परंतु १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मुलांना हे औषध व काहींना औषधाविना तशीच दिसणारी मात्रा दिली होती. दोन वर्षांनंतर औषध दिलेल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे ८ गुणांनी कमी भरला. आकड्या मात्र फारशा कमी झालेल्या नव्हत्या! साधी आकडी काही मिनिटांत आपोआप थांबते व मेंदूला इजा करीत नाही. म्हणून तिच्यासाठी आता रोजचे औषध देत नाहीत.

मग करावे काय? मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तेथे डायझेपाम किंवा मिडाझोलाम देऊन ती थांबवितात. पहिली आकडी थांबली, तरी डॉक्टरांना दाखवावेच. मान ताठ झाली किंवा मूल गुंगीतून बाहेर येईना, तर मेंदूच्या आवरणालाच दाह झालेला असू शकतो. तेथे विलंब जिवावर बेततो.